परिमळ म्हणा, स्वाद नव्हे

निपाणीच्या एका कृषी विद्यार्थ्यानं विचारलंय: चहाच्या निरनिराळ्या वाणांतल्या 'अरोमा कंपाउंड्स'ना मराठीत 'स्वादद्रव्ये' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. स्वाद जिभेचा, हे काम नाकाचं. हल्ली जो तो कपावर नाक धरून 'काय स्वाद सुटलाय' म्हणतो, ऐकून डोकं उठतं. 'वास' चुकीचा नाही, पण आपल्याकडं 'वास येतोय' म्हटलं की काहीतरी नासलंय असंच वाटतं. खरा शब्द परिमळ.

अमरकोशात, म्हणजे अमरसिंहाच्या जुन्या संस्कृत शब्दकोशात आहे, 'विमर्दोत्थे परिमलो गन्धे जनमनोहरे'. विमर्द म्हणजे चोळणं, रगडणं. त्यातून उठणारा मनोहर गंध तो परिमळ. 'परि म्हणजे सगळीकडं, म्हणून सगळीकडं पसरणारा वास' ही शिकवणीतली व्युत्पत्ती साफ चूक. लांबवर पसरणाऱ्या गंधाला अमरानं लगेच पुढं 'आमोद' हा वेगळा शब्द दिलाय; एवढंही न वाचता लोक व्युत्पत्त्या सांगत सुटतात!

माझं तर ठाम मत आहे की या परिमळातला 'मळ' आणि आपल्या 'मळणे'तला मळ एकच. संस्कृत मृद् म्हणजे रगडणं, प्राकृतात मल, मराठीत मळणे. कणीक मळतो, खानापुरात भाताची मळणी घालतो, तोच हा मळ.

आता चहाकडं बघा. झुडपावरच्या पानाला चहाचा वास नसतोच. लिनालूल, जिरॅनिऑल ही वास देणारी द्रव्यं त्यात बरीचशी साखरेला बांधून पडलेली असतात, बिनवासाची. पान मळलं, पेशी फुटल्या, की पानातलंच विकर (एन्झाइम) ती गाठ तोडतं आणि गंध मोकळा होतो. विमर्दोत्थ, अक्षरशः! आसामी वाणात लिनालूलचा भर. धन्यांच्या वासात मुख्य तेच. चिनी वाणात, म्हणून दार्जिलिंगच्या चहातही, गुलाबातलं जिरॅनिऑल जास्त.

आमच्या बेळगावच्या रविवार पेठेतले एक दुकानदार पत्ती तळहातावर घेतात, अंगठ्यानं रगडतात, गिऱ्हाइकाच्या नाकाशी धरतात आणि कानडीत म्हणतात, 'परिमळ छलो ऐत्रि', म्हणजे परिमळ छान आहे हो. रगडल्याशिवाय ते हा शब्द काढत नाहीत.

तेव्हा प्रबंधात 'परिमळद्रव्ये' लिहा. मार्गदर्शकांनी हरकत घेतली तर अमराची ती ओळ पुढं करा.