तळ्याचं तोंड

प्रिय मुला,

तुझं पत्र परवा मिळालं. चार पानांत 'थकलो' हा शब्द सात वेळा आहे आणि 'नाला' हा शब्द एकदाही नाही. मी मोजले. इतकी वर्षं उत्तरपत्रिका तपासल्यात, सवय जात नाही.

तळं वाचलं पाहिजे, हे मी तुला पटवत बसणार नाही आणि तूही मला पटवू नकोस. धीर सोडू नकोस वगैरेही लिहीत नाही, ते सांगणारे तुला पुष्कळ भेटले असतील. तुझी चूक कुठे झाली, तेवढंच सांगते. चूक माझ्या ओळखीची आहे. मी ती तुझ्या आधी केली होती आणि तुझ्यापेक्षा मोठी.

गणपती संपल्यावर तुम्ही पोरांनी तीन रविवार घालवून पन्नास ट्रॉल्या जलपर्णी काढली. पाणी उघडं पडलं, फोटो निघाले. जानेवारीत आपल्या सोलापूरची गड्ड्याची यात्रा येईस्तोवर तळं पुन्हा हिरव्या गालिच्यासारखं झालं आणि मित्र यायचे बंद झाले. आता एका कंपनीचा माणूस जिवाणूंची पावडर घेऊन तुझ्या दारात उभा आहे. पगार देतो म्हणतो. तू मला विचारतोस, ही नोकरी घेऊ, का हे सगळं सोडून पुण्याला जाऊ.

आधी हिशोब करू. ट्रॉलीला दोन टन धरले तर तुम्ही शंभर टन जलपर्णी काढली. तिच्यात पंच्याण्णव टक्के पाणीच असतं, म्हणजे सुकवल्यावर उरली पाच टन. जलपर्णी आणि शेवाळ ज्या खतावर पोसतं तो फॉस्फरस त्यात सढळ हातानं अर्धा टक्का धर. झाले २५ किलो. आता दुसरी बाजू. माणसाच्या मलमूत्रातून आणि धुण्या-भांड्यांतून दिवसाला माणशी साधारण एक ते दीड ग्रॅम फॉस्फरस सांडपाण्यात जातो. तळ्यावरच्या वस्त्यांतली दहा हजार माणसं धर, जास्तच असतील. रोजचे १० ते १५ किलो. म्हणजे तीन रविवार कंबरभर चिखलात उभं राहून तुम्ही जे बाहेर काढलंत, ते नाल्यानं दोन-अडीच दिवसांत परत आणून टाकलं. त्यातही काढलेला ढीग तुम्ही काठावरच सुकायला ठेवला होता, असं तूच लिहिलंयस. परतीच्या पावसानं त्यातलं निम्मं धुऊन पुन्हा पाण्यात नेलं असेल.

म्हणून आधी तळ्याचं तोंड बघ, म्हणजे नाला. पोट नंतर.

तू म्हणशील, मॅडम, नाला सगळ्यांना माहीत आहे. माहीत असणं वेगळं. किती वाजता किती पाणी येतं, कुठून येतं, कुणाचं येतं, हे तुझ्या वहीत आहे का? नाही. मग तुला नाला माहीत नाही. तुला फक्त वास माहीत आहे.

माझी गोष्ट सांगते, म्हणजे ही म्हातारी एकाच गोष्टीवर एवढी का अडून बसली ते कळेल. गावाचं नाव सांगत नाही, कार्यालयाचंही नाही. तिथल्या तळ्याच्या सुशोभीकरणाआधी पाण्याची तपासणी करून द्यायचं काम आमच्या विभागाकडे आलं होतं. जीप दहाला यायची. आम्ही अकराला काठावर पोचायचो, विंकलरच्या पद्धतीनं, म्हणजे रसायनं घालून पाण्यातला ऑक्सिजन मोजायला, बाटल्या भरायचो. छान गडद तपकिरी साका बसायचा. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ११, कधी १२ मिलिग्रॅम. मी खूश. अहवालात लिहिलं, 'प्राणवायूचं प्रमाण उत्तम'.

तीस अंशाच्या पाण्यात हवेतून मुरून मुरून ऑक्सिजन मुरणार किती? सात-साडेसात मिलिग्रॅम. मग वरचे चार-पाच कुठून आले? शेवाळातून. भर उन्हात शेवाळ ऑक्सिजन ओतत असतं आणि रात्री तेच शेवाळ तो पिऊन टाकतं. बारा हा आकडा तब्येतीचा नव्हता, तापाचा होता. मी वर्गात हे शिकवत होते, बरं का. दरवर्षी, फळ्यावर आकृती काढून. पण जीप दहाला यायची.

तिथे जाळं टाकणारे एक भोई आजोबा होते. कंत्राटदारानं जलपर्णी एका आठवड्यात सगळी काढली, पाण्यावर थेट ऊन पडायला लागलं आणि पंधरा दिवसांत पाणी वाटाण्याच्या रस्स्यासारखं झालं. तेव्हा आजोबा मला म्हणाले, "बाई, मासा पहाटं वर येऊन तोंड उघडायलाय. दोन दिवस आभाळ धरलं की बघा." मी मान हलवली आणि बाटलीवर चिठ्ठी चिकटवत राहिले. पुढच्या आठवड्यात दोन दिवस ढग आले. तिसऱ्या सकाळी काठ पांढरा दिसत होता. कटला, रोहू, मृगळ, आजोबांची वर्षाची कमाई उलटी पडून तरंगत होती. त्या दिवशी मी पहिल्यांदा उजाडायच्या आत तिथे गेले. बाटलीत साका पांढरा बसला, दुधासारखा. पांढरा साका म्हणजे ऑक्सिजन नाही. पुस्तकातला तो पांढरा साका मी बावीस वर्षांच्या नोकरीत डोळ्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

त्या अहवालावर सही माझी आहे. माझ्यावर दबाव होता असं लिहिलं तर खोटं होईल. चहा मिळत होता, मान मिळत होता, 'मॅडम, नाल्याचं नंतर बघू, दुसऱ्या टप्प्यात आहे' असं गोड बोलत होते. दुसरा टप्पा आलाच नाही. मी मोठ्यानं हटकलं असतं तर काम थांबलं असतं का? नसतं थांबलं. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की आता खरं वाटतं. आणि जलपर्णीच्या पानांवर कमळपक्ष्यांची घरटी होती, ती आठवड्यात सगळी ओरबाडायला नको होती, पट्ट्यापट्ट्यांनी काढायला हवी होती, हे तर मला तेव्हाही ठाऊक होतं. बोलले नाही.

असो. तुला कुणीतरी स्वीडनमधल्या ट्रुमेन तळ्याचा दाखला देईल. तिथे सांडपाणी बंद करूनही तळं सुधारलं नाही. शेवटी १९७० आणि १९७१ मध्ये मिळून तळाचा मीटरभर गाळ उपसला, तेव्हा पाणी निवळलं. म्हणजे बाई चुकतात, गाळ महत्त्वाचा! दाखला खरा आहे. गाळात फॉस्फरस साठून राहतो आणि तळाशी ऑक्सिजन संपला की तो परत पाण्यात सुटतो, त्यामुळे नाला बंद केल्यावरही उथळ तळं कितीतरी वर्षं आजारी राहू शकतं. पण तिथे क्रम काय होता, बघ. सांडपाणी १९५० च्या दशकातच वळवलं होतं. तोंड आधी, पोट नंतर. उलट्या क्रमानं उपसशील तर आज काढलेल्या गाळाच्या जागी उद्याचा गाळ बसेल आणि बिल मात्र दोनदा निघेल. अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन सरोवराभोवती १९६३ ते १९६८ अशी पाच वर्षं घालून सांडपाण्याचे नळ वळवले. पाण्यात ना पावडर टाकली, ना कारंजी बसवली. पुढच्या काही वर्षांत तिथलं पाणी नितळ झालं. ते सरोवर खोल आहे, आपली तळी उथळ, त्यांच्याइतक्या लवकर आपलं पाणी निवळणार नाही हे मान्य. क्रम तोच.

कारंज्यांबद्दल मला बोलायला लावू नकोस. लावतोसच तर, कारंजं पहाटे तीनला चालू असेल तर माशाचा जीव वाचेल. आपल्याकडे ते संध्याकाळी सात ते नऊ चालतं, रंगीत दिव्यांसह. काठ दगडांनी बांधून काढला की उथळ कड जाते, पाणकणीस जातं, त्यात लपणारी जांभळी पाणकोंबडी जाते. मग त्याच भिंतीवर पाणकोंबडीचं चित्र रंगवतात.

आणि गणपतीला फार दोष देऊ नकोस. निर्माल्य नको, प्लास्टरच्या मूर्ती नकोत, सगळं बरोबर. पण विसर्जनाचे दिवस मोजके आणि नाला ३६५ दिवस. वर्षातून एकदा दिसणाऱ्या गोष्टीवर चिडणं सोपं असतं.

उजनीचं तू लिहिलंयस ते वाचून मात्र हसू आलं. 'पुण्याची घाण आपण पितो, इथे एक तळं साफ करून काय होणार?' खरं आहे, पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं. धरण भरतं तेव्हा ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा. एवढं पाणी तळाशी बसून राहतं आणि वरून येणारं सगळं पोटात घेतं. उन्हाळ्यात तिथला हिरवा तवंग तू पाहिला आहेस, जाळ्यात घाणीतही तगणारी चिलापीच जास्त येते हेही तुला माहीत आहे. पण आपलं सांडपाणी कुठे जातं रे? सीनेकडे. आणि सीना हत्तरसंग-कुडलला भीमेला मिळते, आपण शिलालेख दाखवायला पाहुण्यांना नेतो तिथेच. म्हणजे पुणेकरांचं आणि आपलं तिथे एक होतं, आणि त्याच्या खालचं गाव आपल्या दोघांच्या नावानं बोटं मोडतं. त्या गावासाठी तळ्याचं तोंड आपण आहोत.

आता नोकरीचं. घे किंवा नको घेऊस, घरची परिस्थिती तुझी तुला माहीत. पण त्या माणसाला एकच विचार: पावडर टाकण्याआधी आणि टाकताना नाल्यातून रोज किती येतंय, ते कोण मोजणार? तो म्हणाला, 'ते आमच्या कामात नाही', तर उठून ये. जिवाणू खातात ते कुजणारं द्रव्य. फॉस्फरस कुठल्या जिवाणूनं खाऊन नाहीसा केलाय? त्याचा वायू होऊन उडून जात नाही. आज जिवाणूत, उद्या गाळात, परवा पुन्हा शेवाळात. चार दिवस वास कमी होईल, बिल निघेल, आणि सही तुझी असेल. सहीचं काय होतं ते वर लिहिलंय.

जाणार असशील पुण्याला तर जा. रागावणार नाही. (रागावेन, पण कळू देणार नाही.) त्याआधी एका नाल्याची एक वर्षाची वही मला दे. त्यात फार काही लागत नाही. सरळ वाहणारी दहा मीटर लांबी शोध, दोन्ही टोकांना दोरी बांध. लिंबू सोड, घड्याळ लाव. समज लिंबाला ३० सेकंद लागली, नाला ६० सेंटिमीटर रुंद आहे आणि पाणी १० सेंटिमीटर खोल. वरचं पाणी तळापेक्षा जोरात धावतं, म्हणून वेगाला ०.८५ नं गुण. सेकंदाला साधारण १७ लिटर, दिवसाला पंधरा लाखांच्या आसपास. पण हा आकडा एका वेळेचा. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, आणि पाण्याच्या दिवशी घरोघर धुणी निघतात, पिंपं धुतली जातात, त्या दिवशी नाला वेगळाच असतो. मी एका जुन्या वस्तीत पाहिलंय, कोरड्या दिवशी घोट्याएवढं पाणी आणि पाण्याच्या दिवशी दुपारी पोटरीपर्यंत. सरासरीच्या नावाखाली कुणी एकाच दिवसाचा नमुना घेतला तर त्याला दारातच अडव.

मग नाल्याच्या कडेनं वर चालत जा. प्रत्येक जोड नोंदव. ड्रेनेजचं कुठलं झाकण तुंबून पावसाच्या गटारात सांडतंय, कुठला रंगाचा कारखाना रात्री सोडतो, कुठल्या गोठ्याचं शेण येतं. चढ कुठे आहे, पंप कुठे बंद पडलाय. तीस जोडांपैकी चारच निम्मं पाणी आणत असतील, बहुतेक तसंच असतं. ते चार दुरुस्त करून घ्यायला कार्यालयात खेटे घालावे लागतील, त्याचा फोटो निघणार नाही. तुझे मित्र त्यालाही येणार नाहीत. न येऊ देत. मीही एकटीच हिंडत असते, गुडघा दुखतो म्हणून हल्ली काठी घेऊन. लोक विचारतात, काही हरवलंय का बाई.

आजोबांची भरपाई मिळाली नाही. मी अर्ज लिहून दिला होता, आकडे पहाटेचे जोडून. कार्यालयानं आधीचे, सकाळी अकराचे आकडे काढून दाखवले, माझ्याच अक्षरातले.

गुरुवारी ये. पहाटे साडेचारला, पाचला नाही. बॅटरी, दोरी, दोन लिंबं आण. बाटल्या आणि रसायनं माझ्याकडे आहेत, कडक भाकरी नि शेंगाचटणीही मीच आणते. चपला फेकायच्या लायकीच्या घाल. आणि वरच्या वस्तीत नळाची पाळी गुरुवारी आहे की शुक्रवारी, ते आधी विचारून ठेव. शुक्रवारी असेल तर दोन्ही दिवस यावं लागेल.

तुझी,
मॅडम