टाकीतलं पाणी पहिल्याच स्टेपला उसळतंय

प्रश्न: कंप्युटरवर पाण्याच्या प्रवाहाचं सिम्युलेशन आहे: अर्ध्या टाकीत पाणी, वर हवा, वरचं तोंड उघडं आणि उजव्या बाजूला उभा आउटलेट, तिथं प्रेशर सगळीकडे शून्य दिलंय. रन सुरू केला की पाणी स्थिर राहायचं सोडून आउटलेटकडे धावतं, वेग भलताच वाढतो आणि रन क्रॅश. मेश (टाकीची छोट्या छोट्या सेलमध्ये केलेली विभागणी) बारीक करून पाहिलं, उपयोग नाही.

उत्तर: मेशला उगाच दोष देऊ नका, घोळ त्या शून्यात आहे. 1 मीटर खोल पाण्याच्या तळाशी साधारण 9810 पास्कल जास्त दाब असतो, आणि तुम्ही आउटलेटवर तळापासून वरपर्यंत शून्य ठेवलंत म्हणजे तिथं भिंतच काढून घेतली, मग पाणी धावणारच ना! तिथं खोलीनुसार वाढणारा दाब द्या, किंवा ओपनफोममध्ये (प्रवाहाच्या सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर) असाल तर दाबातून रो-जी-एच (घनता × गुरुत्व × उंची, म्हणजे पाण्याच्या वजनाचा दाब) आधीच वजा केलेला असतो, तेव्हा उंची कुठून मोजली तेवढं बघा. वरच्या तोंडाला मात्र अल्फा (सेलमधला पाण्याचा वाटा: 1 म्हणजे पाणी, 0 म्हणजे हवा) नुसता झीरो ग्रेडियंट (कडेला आतलीच व्हॅल्यू) ठेवू नका, कारण प्रवाह उलटा आत आला की शेजारच्या सेलमधलीच व्हॅल्यू उचलतो आणि तिथं शिंतोडा असेल तर आभाळातून फुकटचं पाणी येतं (हे मीही भोगलंय, दोन दिवस लीक शोधत होतो). तिथं इनलेट-आउटलेट कंडिशन लावा, आत येणारा अल्फा 0. आणि हो, मेश बदलल्यावर सेटफील्ड्स (सुरुवातीला पाणी कुठे ते भरणारी कमांड) परत चालवलंत ना?