गोठलेल्या सरोवरावरची वाट

प्रश्न : मुलगी अमेरिकेत सुपीरियर सरोवराकाठी बेफील्डला असते. हिवाळ्यात समोरच्या मॅडेलिन बेटावर लोक बर्फावरून मोटारी नेतात म्हणे. जीव घाबरतो. (एक वाचक, परभणी)

उत्तर : ओजिब्वे या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या या पवित्र बेटावर एरवी फेरीबोट जाते, पाणी पुरेसं गोठलं की आखलेला रस्ता सुरू होतो. तो खुला असेल तेव्हा त्यावरूनच जावं, आडवाटेनं नको. चालायला किमान ४ इंच, छोट्या मोटारीला ९-१० इंच कडक, पारदर्शक बर्फ लागतो. पांढऱ्या बर्फाची जाडी दुप्पट हवी. साचलेल्या हिमाच्या पांघरुणाखाली बर्फ सावकाश जाडावतो, म्हणून वरून अंदाज बांधू नये; दर ४५ मीटरला गिरमिटानं भोक पाडून मोजावं. बर्फ फुटलाच तर चटकन बाहेर पडता यावं म्हणून मोटारीत पट्टा सोडलेला, काचा उघड्या ठेवायला तिला नक्की सांगा.