गोष्टींमधले नाइट खरंच तसे होते का?

तुम्ही विचारलंय की ब्रिटनच्या दंतकथेतल्या राजा आर्थरच्या गोष्टींत नाइट, म्हणजे मध्ययुगीन युरोपातले घोडेस्वार योद्धे, शब्दाला जागणारे, दुबळ्यांसाठी धावून जाणारे दिसतात. ते खरंच तसे होते, की हे सगळं कवींनी रचलं?

नव्हते. पण कवींना हे कळत नव्हतं असं समजू नका. मला तर या गोष्टी आवडतात त्या नेमक्या तिथे, जिथे नाइट आपल्याच नियमांत अडकून तोंडघशी पडतो.

आधी घोड्याचं बघू, कारण 'शिव्हलरी', म्हणजे नाइटांनी पाळायचे आदर्श, हा शब्द फ्रेंचमधल्या घोड्याच्या शब्दावरूनच आलाय. आपल्याकडे स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. नाइट हा शिलेदाराच्या जवळचा. लढाईचा घोडा, लोखंडी कड्यांचं चिलखत, दिमतीला नोकर, हा सगळा खर्च कुठून तरी काढावा लागे. थोरल्या भावाला वडिलांची जमीन मिळे. धाकट्यांनी काय करायचं?

विल्यम मार्शल असाच एक धाकटा. जन्म ११४७ च्या आसपासचा, मृत्यू १२१९ चा. लहानपणी तो इंग्लंडचा राजा स्टीफन याच्याकडे ओलीस होता. बापाने राजाला दिलेला शब्द मोडला, तेव्हा मुलाला फासावर देण्याची धमकी आली. बाप म्हणाला, याच्याहून चांगली पोरं घडवायला हातोडा आणि ऐरण अजून माझ्याकडे आहे. राजाला त्या पोराची दया आली म्हणून तो वाचला. मोठा झाल्यावर मार्शलने पैसा कमावला तो टुर्नामेंटमध्ये. ही टुर्नामेंट म्हणजे दोन तट पाडून मोकळ्या रानात केलेली खोटी लढाई. पकडला गेलेला नाइट आपला घोडा आणि चिलखत गमावून बसे, वर सुटकेची खंडणी. मार्शलने एका सोबत्याबरोबर भागीदारी केली होती, आणि एका हंगामात दोघांनी मिळून १०३ नाइट पकडल्याची नोंद कारकुनाने ठेवली. हो, कारकुनाने! उदात्त शौर्याचा असा जमाखर्च.

एकदा एका टुर्नामेंटनंतर बक्षीस द्यायला लोक त्याला शोधत फिरले, तर स्वारी लोहाराकडे, डोकं ऐरणीवर टेकून. मार खाऊन शिरस्त्राण इतकं चेपलं होतं की ते डोक्यातून निघेना. लोहार ते ठोकून सरळ करत होता. आणि बक्षीस काय, तर एक मोठा मासा. हे सगळं त्याच्या मृत्यूनंतर मुलाने करवून घेतलेल्या १९,००० हून जास्त ओळींच्या फ्रेंच चरित्रकाव्यात आहे. आणि हा माणूस ढोंगी होता असंही नाही. चार-पाच राजांची चाकरी त्याने निष्ठेने केली, सत्तरीच्या आसपास असताना १२१७ साली लिंकनच्या लढाईत स्वतः घोड्यावर बसून लढला. निष्ठा खरी आणि खंडणीही खरी.

उलट टोक बघायचं तर सर टॉमस मॅलरी. आर्थरच्या गोष्टींचा इंग्रजीतला सगळ्यांत प्रसिद्ध ग्रंथ याचा. लिहून झाला १४६९-७० मध्ये, इंग्लंडमधला पहिला मुद्रक कॅक्स्टन याने छापला १४८५ मध्ये. त्यात गोलमेजावरचे नाइट दरवर्षी एक शपथ घेतात: शरण आलेल्याला अभय द्यायचं, स्त्रियांच्या मदतीला जायचं, त्यांच्यावर बळजबरी केली तर देहदंड. आणि बहुतेक अभ्यासक ज्या मॅलरीला या ग्रंथाचा लेखक मानतात, त्याच्यावर दरोडा, मठाची लूट, ड्यूकवर दबा धरून हल्ला आणि बलात्कार असे आरोप होते. स्वतःला तो ग्रंथात 'कैदी नाइट' म्हणवतो. आरोपांमागे त्या काळचं राजकारण किती, यावर वाद आहेत. तरी ती शपथ वाचताना माझ्या मनात दर वेळी हेच येतं, की तुरुंगात बसून ही ओळ लिहिताना या माणसाच्या डोक्यात काय चाललं असेल?

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला सापडलं ते आर्थरच्या दरबारातला नाइट गवेन आणि हिरवा नाइट यांच्या काव्यात. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, अडीच हजार ओळींचं, कवीचं नाव कुणालाच माहीत नाही. एकच हस्तलिखित उरलंय, तेही १७३१ च्या आगीतून वाचलेलं. एम.ए.ला आम्हाला त्याच काळातला इंग्रजी कवी चॉसर होता, हे नव्हतं. मी ते पुढे कधीतरी, आजारी पडून घरी असताना वाचलं.

नववर्षाची मेजवानी चालू असताना आर्थरच्या दरबारात हिरव्या घोड्यावर हिरवागार माणूस शिरतो. एका हातात हॉली या सदाहरित झाडाची डहाळी, दुसऱ्यात कुऱ्हाड. म्हणतो, मला एक घाव घाला, वर्षभराने मी तो परत करीन. गवेन त्याचं मुंडकं उडवतो. माणूस ते उचलतो, मुंडकं बोलतं, आणि स्वारी निघून जाते. वर्ष संपत आल्यावर गवेन घाव घ्यायला निघतो. त्याच्या ढालीवर पाच टोकांची चांदणी आहे, आपण वहीच्या मागच्या पानावर हात न उचलता काढायचो तशी. औदार्य, स्नेह, शुचिता, सौजन्य, करुणा असे गुण त्या एकाच रेषेत गुंफलेले. एकही रेषा दुसरीपासून सुटी नाही, असं कवी सांगतो.

मग तो त्या रेषाच एकमेकींवर घालतो. वाटेत एका गढीत गवेन पाहुणा होतो. यजमान म्हणतो, मी शिकारीत मिळवीन ते तुझं, तू घरात मिळवशील ते माझं. तीन दिवस यजमान शिकारीला, आणि त्याची बायको गवेनच्या पलंगापाशी. आता करायचं काय? बाईला झिडकारलं तर सौजन्य गेलं, जवळ केलं तर यजमानाशी बेइमानी. गवेन गोड बोलून वेळ मारून नेतो. पहिल्या दिवशी एक चुंबन, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, आणि प्रामाणिकपणे ती सगळी संध्याकाळी यजमानाला देतो. (हा प्रसंग वाचताना हसू आवरत नाही, आणि ते कवीला हवंच असणार.) पण तिसऱ्या दिवशी ती त्याला हिरवा रेशमी पट्टा देते, तो बांधला की मरण येत नाही म्हणे. तो मात्र गवेन लपवतो.

घावाच्या वेळी हिरवा नाइट तोच यजमान निघतो. दोन वेळा कुऱ्हाड नुसती उगारतो, तिसऱ्या वेळी मानेवर जरासं कापतो, रक्त बर्फावर उडतं. ते कापणं त्या पट्ट्यासाठी. तो म्हणतो, तुला जीव प्यारा होता, म्हणून मी तुला फार दोष देत नाही. गवेन मात्र स्वतःवर चिडतो, मग सगळा राग बायकांवर काढतो, आदमपासून सॅमसनपर्यंत सगळ्यांना बायकांनीच फसवलं म्हणून. नामुष्कीची खूण म्हणून तो पट्टा अंगावर घालून परत येतो, तर दरबार हसतो आणि सगळेच नाइट तसा हिरवा पट्टा मिरवायला लागतात. ते हसणं प्रेमाचं, की त्यांना काहीच कळलेलं नाही, हे कवी सांगत नाही.

वाचायचं असेल तर हेच आधी घ्या, सोप्या आधुनिक इंग्रजीतले अनुवाद मिळतात. मॅलरी नंतर. तो जाडजूड आहे, आणि कोणी कोणाला घोड्यावरून पाडलं याची वर्णनं इतकी येतात की मी ती पानं खुशाल उलटतो. नाइट लॅन्सलॉट आणि आर्थरची राणी ग्विनिव्हियर यांचं प्रेमप्रकरण उघडं पडतं, तो भाग मात्र सावकाश वाचा.