पलटण सीमेवर, घर ठाण्यात

प्रश्न : यजमान तीन महिन्यांपासून फॉरवर्ड पोस्टवर आहेत. फोन कधी आठवड्याने येतो, कधी त्याहून उशिरा. सहा वर्षांचा मुलगा रोज विचारतो, ‘आज बाबा बोलणार का?’ त्याला काय सांगावे? (कळवा)

उत्तर : ‘आज नक्की बोलतील’ असे मात्र सांगू नका, कारण न आलेला फोन मुलाच्या लेखी बाबांनी मोडलेला शब्द ठरतो. ‘चौकीवर रेंज मिळाली की बाबा फोन करतील’ एवढे खरे उत्तर मुलाला पुरते. त्याला जे सांगायचे राहून जाते, ते एका वहीत लिहून किंवा चित्र काढून घ्या आणि महिन्यातून एकदा ती पाने युनिटच्या एपीओ (लष्करी टपाल कार्यालय) पत्त्यावर टपालाने पाठवा. फोनवरचे बोलणे दोन मिनिटांत संपते. कागद खिशात राहतो. मला याहून महत्त्वाची वाटते ती सोबत. लष्करी वसाहतीत शेजारच्या घरातले बाबाही फील्डवर असतात, त्यामुळे मुलाला आपले घर वेगळे वाटत नाही. तुमच्या सोसायटीत मात्र असा तो एकटाच असेल. ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन कळवा-ठाणे परिसरातल्या सैनिक कुटुंबांशी ओळख करून देण्याची विनंती करा. अशा दोन-तीन घरांनी महिन्यातला एक रविवार मुलांसाठी एकत्र काढला, तरी खूप फरक पडतो.

प्रश्न : गावच्या जमिनीच्या दाव्यात सैन्यातल्या माझ्या मुलाला प्रतिवादी केले आहे. त्याला रजा मिळत नाही आणि त्याच्या वतीने वकीलही दिलेला नाही. निकाल एकतर्फी लागेल का? (कोपरखैरणे)

उत्तर : सैनिक विशेष परिस्थितीत सेवेवर असेल आणि न्यायालयात त्याची बाजू मांडणारे कोणी नसेल, तर काही अपवाद वगळता सुनावणी पुढे ढकलण्याची तरतूद १९२५ च्या ‘इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट’मध्ये आहे. ती दिवाणी आणि महसुली दोन्ही न्यायालयांना लागू होते. मुलाने युनिटमार्फत अधिकाऱ्यांना कळवावे आणि तुम्ही दाव्याची कागदपत्रे घेऊन, जमीन ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या सैनिक कल्याण कार्यालयात जावे. तारीख उलटण्याची वाट पाहू नका.

प्रश्न : यजमान सीमेवर आहेत. रात्र-रात्र झोप लागत नाही. सासूबाईंना सांगितले, तर त्या अधिक घाबरतील. (दिवा)

उत्तर : ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते. आजच बोला. सासूबाईही कदाचित जाग्याच असतील. त्यांच्या मुलाच्या, म्हणजे तुमच्या यजमानांच्या काळजीने दोघींनी वेगवेगळ्या खोल्यांत जागण्यापेक्षा एकमेकींशी बोललेले बरे.

प्रश्न : आमच्या इमारतीत एका जवानाची पत्नी दोन लहान मुलांसह राहते. ‘काही लागले तर सांगा’ असे आम्ही नेहमी म्हणतो, पण ती कधीच काही मागत नाही. (ऐरोली)

उत्तर : मागणे तिच्यावर सोपवू नका. ‘शनिवारी मी बाजारात जाणार आहे, तुमची भाजी आणते’ किंवा ‘मुलीला ताप असेल, तर रात्री कितीही वाजता आमची बेल वाजवा, गाडी खालीच आहे’ असे नेमके काम सांगितले, की तिला होकार देणे सोपे जाते. पावसाळ्यात शाळा अचानक सुटते, तेव्हा तिच्या मुलांना कोण घेऊन येणार, हे आधीच ठरवा आणि तिच्या लेखी संमतीने ते नाव शाळेत नोंदवा. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळा : तिचे यजमान कुठे आहेत, पलटण कधी हलली, रजेवर कोणत्या गाडीने येणार, हे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कौतुकानेसुद्धा लिहू नका. सैनिकाच्या टपालावरही गावाचे नाव नसते, ‘५६ एपीओ’सारखा क्रमांक असतो, तो याच कारणासाठी. सीमेवरच्या बातम्या आल्या की ‘तुमचे हे तिथेच आहेत ना?’ असे जिन्यात विचारू नका. त्या संध्याकाळी तिच्या मुलांना आपल्या घरी जेवायला बोलवा.