इलेक्ट्रिक डाउनरिगर कोणता घ्यावा? मॉडेलच्या आधी वायर बघा

तुमचं वर्णन असं: २२ फुटी फायबरग्लासची बोट, मागच्या दोन कोपऱ्यांवर हाताने फिरवायचे दोन डाउनरिगर (जड गोळा तारेने खाली सोडून आमिष हव्या त्या खोलीवर ठेवणारी यंत्रं), सॅमन आणि ट्राउट साधारण ८० ते १२० फुटांवर, ट्रोलिंग (चालत्या बोटीमागे आमिष ओढणं) ताशी २ ते ३ मैल. आता दोन्ही डाउनरिगर इलेक्ट्रिक करायचेत. विचारलंय की स्कॉटी कंपनीचा घ्यावा की कॅननचा, जास्त वेगाने गोळा वर आणणाऱ्या मॉडेलला जादा पैसे मोजावेत का, आणि तळाचा माग घेत गोळा आपोआप वर-खाली करणारं मॉडेल कामाचं आहे का.

इलेक्ट्रिक करायचा निर्णय बरोबर आहे, त्यावर वेळ घालवत नाही. हाताच्या बऱ्याच डाउनरिगरना हँडलच्या एका फेऱ्यात एक फूट तार येते. म्हणजे शंभर फुटांवरून गोळा आणायला शंभर फेरे, आणि तेसुद्धा एका बाजूला मासा लागलेला असताना दुसऱ्या बाजूची तार त्याच्या वाटेतून काढायची घाई असते तेव्हा. मिनिटाला २५० फूट ओढणारी मोटर हेच काम २४ सेकंदांत करते. वेगाचा प्रश्नही इथेच निकालात निघतो. २५० ऐवजी ३०० फुटांचं मॉडेल घेतलंत तर शंभर फुटांवर वाचतात चार सेकंद. दोनशे-तीनशे फुटांवर काम करणाऱ्यांनी त्याला पैसे मोजावेत, तुम्ही नको.

आता खरा मुद्दा. इलेक्ट्रिक डाउनरिगर 'हळू चालतो', 'मधेच अडखळतो' या तक्रारींपैकी बऱ्याचशा मशीनच्या नसतातच, बॅटरीपासून मागच्या कोपऱ्यापर्यंत ओढलेल्या वायरच्या असतात. मोटर १२ व्होल्टची, आणि भाराखाली २० अँपिअर किंवा त्याहून जास्त खेचते. समजा बॅटरी मशीनपासून सहा मीटरवर आहे. वीज जाते आणि परत येते, म्हणजे हिशेबाला बारा मीटर धरायचे. ६ स्क्वेअर मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्ये एवढ्या अंतरात २० अँपिअरला सुमारे ०.७ व्होल्ट वाटेतच जातात. १० स्क्वेअरची घातली तर ०.४ च्या आसपास. आणि लोक काय करतात? बोटीत आधीपासून असलेल्या दिव्याच्या अडीच स्क्वेअरच्या वायरला जोडून मोकळे होतात! तिथे पावणेदोन व्होल्ट गळतात, मोटर रडत रडत फिरते, आणि नाव खराब होतं कंपनीचं.

म्हणून मशीन घ्यायच्या आधी बॅटरी ते कोपरा हे अंतर मोजा. सरळ रेषेत नको, वायर जशी वळणं घेत जाईल तसं. प्रत्येक मशीनला स्वतंत्र वायर, आणि बॅटरीच्या अगदी जवळ स्वतंत्र ब्रेकर. किती अँपिअरचा ते मशीनच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. वायर कल्हई केलेली, बोटीसाठीची घ्या. साधी तांब्याची खाऱ्या हवेत आतून हिरवी पडते आणि वरून कळतही नाही. प्लगमध्येही कंजुषी नको, तिथेच सगळ्यात आधी गंज धरतो.

जोडून झाल्यावर मल्टिमीटरने तपासा, पण रिकाम्या मशीनवर नाही. गोळा खोल पाण्यात सोडा, वर ओढायला लावा आणि ओढत असतानाच एकाने प्लगच्या टोकांवर व्होल्ट बघा, दुसऱ्याने बॅटरीवर. दोन्ही आकड्यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा फार जास्त फरक दिसला तर वायर बारीक आहे किंवा कुठला तरी जोड सैल आहे. जोडांना हात लावून बघा, जो गरम लागेल तोच गुन्हेगार.

बॅटरी उतरेल ही भीती मात्र सोडा. २० अँपिअर अर्धा मिनिट म्हणजे ०.१७ अँपिअर-तास. दिवसभरात ५० वेळा गोळा वर आणला तरी आठ-साडेआठ अँपिअर-तासांत काम भागतं, आणि इंजिन चालू असतंच.

यानंतर वजन. तुमचे सध्याचे गोळे ८ पौंडांचे आहेत असं लिहिलंय. त्या खोलीला ते हलके पडतात. बोट पुढे जाते तशी पाण्याच्या ओढीने तार मागे झुकते, आणि ही ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी २ मैलांवरून ३ वर गेलात की ओढ सव्वादोन पट. किती तार सुटली ते मोजणारा काउंटर १०० फूट दाखवतोय आणि तार उभ्या रेषेपासून ३० अंश मागे गेलीय, तर सरळ हिशेबाने गोळा ८७ फुटांवर आहे. ४५ अंशाला ७१. प्रत्यक्षात तार वरती जास्त आणि खाली कमी झुकते, त्यामुळे गोळा या आकड्यांपेक्षा थोडा खोल असतो, पण काउंटरवर विसंबून मासे ज्या थरात आहेत तिथे आमिष पोचलंय असं मानणं चूक. तुमच्या खोलीला १२ पौंड ठीक. सोबत १५ चा एक जोड असू द्या, वेगाने ट्रोल करायच्या दिवसांसाठी. शिसंच घ्या. लोखंडी गोळा तेवढ्याच वजनाला आकाराने मोठा होतो, पाणी जास्त अडवतो आणि पाण्यात त्याचं वजनही जास्त घटतं. शिशावर बंदी असलेल्या पाण्यात अर्थातच इलाज नाही.

तळाचा माग घेणाऱ्या मॉडेलबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. वरच्या उदाहरणात ३० अंशाला गोळा बूमच्या (तार बाहेर धरणाऱ्या दांड्याच्या) टोकापासून जवळजवळ ५० फूट मागे असतो. सोनार (ध्वनिलहरींनी खोली मोजणारं यंत्र) मात्र बोटीखालचा तळ बघतो. ताशी अडीच मैलांनी ५० फूट कापायला साडेतेरा सेकंद लागतात. तळ वर येत असेल तर हे पथ्यावर पडतं, कारण गोळा तिथे पोचायच्या आधीच उचलला जातो. पण तळ एकदम खाली जात असेल तर? बोट कडा ओलांडून खोल पाण्यावर आली, मशीनने गोळा खाली सोडला, आणि गोळा अजून कड्याच्या अलीकडेच आहे. गेला खडकात. सपाट किंवा हळूहळू उतरत्या तळावर ही सोय उत्तम, खडकाळ कड्यांवर मी ती बंद ठेवतो आणि बोट माझ्या हाताने. सोनारवर गोळा दिसेनासा झाला तरी घाबरू नका, कारण तेच. सोनारच्या लहरींचा २० अंशाचा शंकू ८७ फुटांवर मध्यापासून जेमतेम १५ फूट पसरतो, आणि गोळा असतो ५० फूट मागे.

फोनवरून चालवायचं म्हणाल तर ओले हात आणि फोन यांचं जमत नाही. बटण बरं.

खरेदी करताना ज्या गोष्टीकडे फारसं कुणी बघत नाही ती म्हणजे क्लच. गोळा खडकात अडकतो तेव्हा बोट पुढे जातच असते. त्या क्षणी क्लच घसरून तार सुटली पाहिजे. नाही सुटली तर १५० पौंडांचा ताण सोसणारी तार तुटेल, बूम वाकेल किंवा मागून लाटा येत असतील तर बोटीची मागची बाजू खाली ओढली जाईल, आणि हे शेवटचं सगळ्यात वाईट. दुकानात मशीन हाताळताना क्लच थोडा थोडा ढिला करून बघा. घसरणं एकसारखं हवं, झटक्याझटक्याने नको. बोटीवर लावल्यावर धक्क्याला बांधलेल्या अवस्थेत गोळा लटकवा, क्लच गोळा धरून ठेवण्यापुरताच आवळा आणि वर थोडासा. मग जाड हातमोजा घालून तार खाली खेचा. जोर लावल्यावर तार सुटली की झालं. अंगभर जोर लावूनही हलत नसेल तर फार आवळलाय. तार कापायची पक्कड बोटीत हाताशी ठेवा, डब्यात नको.

याच कारणाने बसवायची जागा महत्त्वाची. पाच फुटी बूमच्या टोकाला १२ पौंड म्हणजे बुडाशी ६० फूट-पौंडांचा जोर. अडकलेल्या गोळ्यावर क्लच ४० पौंडांना घसरत असेल तर तो २०० होतो. फायबरग्लासच्या नुसत्या काठावर चार स्क्रू मारून हे झेपणार नाही. आरपार बोल्ट आणि खालून जाड पट्टी हवीच. कोपऱ्यांवर फिरती बैठक घ्या, धक्क्याला लागताना बूम आत वळवता येते.

स्टीलची तार की वेणीची दोरी? दोरी गुणगुणत नाही, तिला पीळ पडत नाहीत आणि हाताला तुटलेले धागे टोचत नाहीत. पण खडकावर घासली तर लवकर जाते. शिवाय काही मशीनमध्ये गोळा पृष्ठभागाला आला हे तारेतून पाण्यात जाणाऱ्या विजेवरून ओळखलं जातं; तिथे दोरी घातली की आपोआप थांबण्याची सोय बंद. स्कॉटीमध्ये तारेवरचा मणी येऊन थांबवतो, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही. तारेवर थोडा धन विद्युतदाब ठेवून मासे ओढण्याच्या सोयीचं बरंच कौतुक ऐकाल. खाऱ्या पाण्यात तारेवर अर्धा-पाऊण व्होल्ट असणं नैसर्गिकच आहे. त्याहून खूप जास्त दिसत असेल तर बोटीत कुठेतरी वीज गळतेय, ती आधी शोधा आणि झिंकचे तुकडे (बोटीच्या धातूऐवजी स्वतः गंजणारे) झिजलेत का तेही बघा. एवढं केलंत तर त्या सोयीसाठी वेगळे पैसे मी तरी देणार नाही.

तेव्हा स्कॉटी की कॅनन? तुमच्या वापराला दोघांचीही मधली मॉडेलं पुरतात. तुमच्या भागात ज्याचे सुटे भाग आणि दुरुस्ती सहज मिळते ते घ्या, दोन्ही बाजूंना एकच मॉडेल घ्या आणि उरलेले पैसे जाड वायर, चांगले प्लग आणि जड गोळ्यांवर घाला. जुन्यांपैकी एक हाताचा डाउनरिगर विकू नका. बैठक जुळत असेल तर मोटर बंद पडल्याच्या दिवशी तोच लावता येतो.

बॅटरी कुठे आहे आणि वायर कुठल्या वाटेने नेता येईल ते कळवा, म्हणजे किती स्क्वेअरची लागेल ते नेमकं सांगतो.