लिनक्सवर डिस्क मध्येच अडकते, लॉगमध्ये ‘हार्ड रिसेटिंग लिंक’ (डिस्कशी जोडणी पुन्हा सुरू करतोय) येतं. कंट्रोलरचा ड्रायव्हर बिघडलाय का?

बहुतेक वेळा ड्रायव्हर नाही, केबल. आधी महत्त्वाच्या फाइल्स दुसरीकडे काढून घ्या, मगच खटपट करा.

‘स्मार्टसीटीएल’ कमांडने स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्याचे, आकडे पाहा. १९९ क्रमांकाचा सीआरसी एरर (डेटा पाठवताना झालेल्या चुकांचा आकडा) वाढत असेल तर डेटा वाटेतच खराब होतोय. मशीन बंद करून साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) बदला, पोर्टही बदलून बघा. हा आकडा पुन्हा शून्य होत नाही, नुसता वाढायचा थांबतो. म्हणून आधीचा लिहून ठेवा.

५ (बदललेले खराब सेक्टर) किंवा १९७ (संशयित सेक्टर) क्रमांकाचे आकडे वाढताहेत? मग डिस्कच जातेय, नवीन घ्या.

सगळं ठीक असूनही ‘रीड एफपीडीएमए क्यूड’ (डिस्कवरून वाचायची एनसीक्यू कमांड) फेल होत असेल, तर ग्रबमधून, म्हणजे बूट मेनूमधून, एनसीक्यू (डिस्कला एकदम अनेक कमांड देण्याची सोय) बंद करून बूट करा. त्याने थांबलं तर डिस्कच्या फर्मवेअरचं (आतल्या सॉफ्टवेअरचं) अपडेट शोधा.